मोह, विचार आणि संयम : ख्रिस्ती साधनेतील आठ विचारांची परंपरा

राखेच्या बुधवारी ख्रिस्ती धर्मोपासनेतील उपवासकाळाला प्रारंभ होतो. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून तयार केलेली राख धर्मगुरू भाविकांच्या कपाळावर लावतात आणि पुनरुत्थानाच्या सणापर्यंतची वाटचाल सुरू होते. बुधवारपासून सणापर्यंतचे दिवस मोजले तर ते ४६ भरतात. त्यातील सहा रविवार वगळले की ४० उरतात. येशू ख्रिस्ताने अरण्यात उपवास केला आणि सैतानाकडून त्याची परीक्षा झाली, त्या ४० दिवसांची ही आठवण होय.

या काळात मांसाहार सोडणे, मद्य वर्ज्य करणे, लग्नकार्ये पुढे ढकलणे या बाह्य गोष्टी सर्वांच्या नजरेस पडतात. परंतु ताटातील पदार्थ कमी करणे हा या साधनेचा केवळ उंबरठा आहे. मोह नेमका कोठून येतो, तो मनात कसा घर करतो, त्याला कोणत्या क्षणी अडवता येते आणि अडवण्याच्या नादात माणूस स्वतःचीच हानी कशी करून घेतो, या प्रश्नांचा सूक्ष्म विचार ख्रिस्ती परंपरेत गेली सोळा शतके चालू आहे. त्याचा उगम इजिप्तच्या वाळवंटात आहे.

शब्दाचे दोन अर्थ

नव्या करारातील ‘पेइरास्मोस’ या ग्रीक शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ परीक्षा, म्हणजे कसोटी. दुसरा मोह, म्हणजे पापाकडे ओढणारे आकर्षण. प्रभूच्या प्रार्थनेतील संबंधित विनंतीसाठी मराठीत ‘परीक्षा’ हा शब्द रूढ झाला. दोन अर्थांमधील हा ताण आजही मिटलेला नाही. देव माणसाला मोहात नेतो असा ध्वनी त्या वाक्यातून निघू नये म्हणून फ्रेंच भाषेतील प्रार्थनेचा मजकूर २०१७ मध्ये बदलण्यात आला. पोप फ्रान्सिस यांनीही त्याच वर्षी या प्रश्नाकडे लक्ष वेधले आणि इटालियन उपासनाग्रंथातील सुधारित शब्दरचना २०२० च्या अखेरीस उपयोगात आली. याकोबाच्या पत्रात या शंकेचे उत्तर पूर्वीच दिलेले आहे. देव कोणालाही पापाच्या मोहात पाडत नाही. माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो, वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पापाची परिणती मृत्यूत होते, असे त्याचे प्रतिपादन आहे.

आत्मसंयमासाठी नव्या करारात ‘एन्क्राटेइया’ हा शब्द येतो. स्वतःवर सत्ता असणे हा त्याचा मूळ भाव. गलतीकरांस पत्रात पौलाने पवित्र आत्म्याच्या फळांमध्ये त्याचा समावेश केला आहे आणि मराठी बायबलच्या जुन्या भाषांतरात त्यासाठी ‘इंद्रियदमन’ हा भारतीय साधनापरंपरेतील शब्द योजलेला आहे. मात्र दोन्ही शब्दांच्या छटा वेगळ्या आहेत. दमनात दडपण्याचा भाव आहे, तर ‘एन्क्राटेइया’त ताबा असण्याचा. शिवाय पौल त्याला फळ म्हणतो. फळ झाडाला धरावे लागते. ते बाहेरून आणून फांदीला बांधता येत नाही.

अरण्यातील तीन प्रश्न

मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ख्रिस्ताच्या परीक्षेचे सविस्तर वर्णन आहे. मार्कने ते अगदी थोडक्यात दिले आहे. दगडांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक आणि मला वंदन करून जगातील सर्व राज्ये घे, अशा तीन सूचना सैतान करतो. मत्तय आणि लूक यांच्या वृत्तांतांत दुसऱ्या व तिसऱ्या परीक्षेचा क्रम उलटा आहे. तिन्ही वेळा येशू जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथातील वचनांनीच उत्तर देतो.

या प्रसंगातील दोन गोष्टी पुढील परंपरेने कायम लक्षात ठेवल्या. पहिली अशी, की भुकेल्याला भाकर मिळावी यात उघड पाप काहीच नाही. मोह बहुधा चांगल्या किंवा निदान निरुपद्रवी गोष्टीचा वेश घेऊन येतो. दुसरी अशी, की सैतानही धर्मग्रंथाचा आधार घेतो. मंदिराच्या शिखरावर तो ९१व्या स्तोत्रातील वचन उद्धृत करतो. म्हणजे धर्मवचन पाठ असणे पुरेसे नाही. ते कोणत्या हेतूने वापरले जात आहे हे ओळखता आले पाहिजे. तसेच ख्रिस्ताला मोह झाला पण त्याने पाप केले नाही, असे इब्री लोकांस पत्रात स्पष्ट म्हटले आहे. यावरून मोह होणे म्हणजे पाप करणे नव्हे, हा ख्रिस्ती नीतिशास्त्राचा पायाभूत सिद्धांत ठरला.

राजधानीतून वाळवंटात

तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तमधील अँथनी या तरुणाने आपली मालमत्ता विकून एकान्तवास पत्करला. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने लिहिलेल्या त्याच्या चरित्राने हजारोंना वाळवंटाची ओढ लावली. नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशाजवळील निट्रिया, केल्लिया आणि स्केटिस येथे तपस्व्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. हे लोक चटया व टोपल्या विणत, दिवसातून एकदा जेवत आणि एकमेकांना आपल्या मनातील विचार सांगत. वडीलधाऱ्या तपस्व्याला ‘अब्बा’ म्हणत.

त्यांच्या अनुभवाला शास्त्राचे रूप देणारा माणूस मात्र वाळवंटातला नव्हता. इव्हाग्रियस हा पोंटस प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागात, इसवी सन ३४५ च्या सुमारास जन्मला. नाझियान्झसच्या ग्रेगरीने त्याला डीकनपदाची दीक्षा दिली आणि कॉन्स्टँटिनोपल या राजधानीत तो प्रभावी वादपटू म्हणून नावारूपास आला. तेथे एका उच्चपदस्थाच्या पत्नीवर त्याचे मन जडले. त्याचा शिष्य पॅलेडियस याने लिहिलेल्या वृत्तांतानुसार, आपल्याला बेड्या घालून तुरुंगात टाकले आहे असे स्वप्न त्याला पडले आणि स्वप्नातच त्याने शहर सोडण्याची शपथ घेतली. जागा झाल्यावर त्याने ती पाळली आणि जेरुसलेमकडे जाणारे जहाज गाठले.

पळून गेल्याने मोह संपला नाही. जेरुसलेममध्ये पुन्हा उंची वस्त्रे अंगावर आली, मन दोलायमान झाले आणि सहा महिने तापाने पछाडले. थोरल्या मेलानिया या तपस्विनीने त्याच्याकडून सर्व कबूल करून घेतले आणि संन्यस्त जीवनाचे वचन घेतले. त्यानंतर तो इजिप्तला गेला. दोन वर्षे निट्रियात व सुमारे चौदा वर्षे केल्लियात राहून, हस्तलिखितांच्या नकला करून तो पोट भरत असे. ३९९ मध्ये त्याचे निधन झाले. मोहाविषयी त्याने जे लिहिले, ते पुढे संपूर्ण ख्रिस्ती जगताच्या उपयोगी पडले.

आठ विचार

‘प्राक्टिकोस’ या शंभर छोट्या प्रकरणांच्या ग्रंथात इव्हाग्रियसने मानवी मनाला छळणारे आठ मूलभूत विचार सांगितले : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, ‘अकेडिया’ म्हणजे मनाला ग्रासणारी मरगळ, पोकळ मोठेपणाची हाव आणि गर्व. मराठी वाचकाला येथे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या षड्‌रिपूंचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. साम्य निश्चित आहे. पण इव्हाग्रियसच्या मांडणीचा रोख निराळा आहे. तो यांना शत्रू किंवा पाप म्हणण्याऐवजी ‘विचार’ म्हणतो. विचार येतील की नाही हे आपल्या हाती नाही. ते मनात रेंगाळतील की नाही आणि वासना चाळवतील की नाही हे मात्र आपल्या हाती आहे, असा त्याचा सिद्धांत आहे. तपस्व्याच्या बाबतीत विचार येणे हा मोह आणि त्या विचारातील निषिद्ध सुखाला मनाने संमती देणे हे पाप, अशी सीमारेषा त्याने आखली.

त्याची निरीक्षणे आजही चकित करणारी आहेत. खादाडपणाचा विचार पंचपक्वान्नांचे ताट घेऊन येईल अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. इव्हाग्रियसच्या मते तो आरोग्याची काळजी घेऊन येतो. उपवासाने पोट बिघडेल, यकृत व प्लीहा खराब होतील, दीर्घ आजार जडेल आणि या निर्जन जागी वैद्यही मिळणार नाही, असे तो सुचवतो. द्रव्यलोभ सोन्याची राशी दाखवत नाही; लांबलेले म्हातारपण, काम न करू शकणारे हात, येऊ घातलेला दुष्काळ आणि दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज यांची तो आठवण करून देतो. प्रत्येक वेळी मोह शहाणपणाच्या भाषेत बोलतो. पोकळ मोठेपणाची तऱ्हा तर आणखी विचित्र आहे : इतर विचारांवर विजय मिळवला की त्या विजयाच्याच खांद्यावर तो येऊन बसतो.

दुपारचा सैतान

आठांपैकी सर्वांत त्रासदायक विचार म्हणून त्याने ‘अकेडिया’चा उल्लेख केला आहे. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ आस्थेचा अभाव असा आहे. ग्रीक बायबलच्या स्तोत्रसंहितेतील शब्दप्रयोगावरून तपस्वी त्याला ‘दुपारचा सैतान’ म्हणत. सकाळी दहाच्या सुमारास त्याचा हल्ला सुरू होतो आणि दुपारी दोनपर्यंत टिकतो. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा भासतो. तपस्वी वारंवार खिडकीबाहेर डोकावतो. जेवणाची वेळ, म्हणजे दुपारचे तीन, अजून किती दूर आहे ते पाहतो. कोणी बंधू भेटायला येतो आहे का याचा कानोसा घेतो. मग ही जागा नकोशी होते, हातातले काम नकोसे होते, बांधवांमध्ये प्रेम उरले नाही असे वाटू लागते. दूरच्या ठिकाणी जीवन सोपे आहे, देवाची भक्ती काय कोठेही करता येते, असा युक्तिवाद सुरू होतो. घरच्या माणसांची आणि पूर्वीच्या आयुष्याची आठवण येते आणि पुढे उरलेले आयुष्य फार लांब दिसू लागते.

यावर त्याचा उपाय साधा आहे : त्या घटकेला खोली सोडू नये. प्रार्थना, काम आणि भोजन यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात आणि मनाची अवस्था काहीही असो, त्या पाळाव्यात. येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अकेडियाची काही लक्षणे नैराश्याच्या विकाराशी मिळतीजुळती असली तरी दोन्ही एकच नव्हेत. नैराश्य हा आजार आहे, त्याला वैद्यकीय उपचार लागतात आणि त्याचा दोष रुग्णाच्या श्रद्धेवर किंवा इच्छाशक्तीवर टाकणे अन्यायाचे ठरते.

प्रतिकाराच्या पद्धती

इव्हाग्रियसची पहिली सूचना निरीक्षणाची आहे. कोणता विचार वारंवार येतो, कोणता क्वचित, कोणत्या विचारामागून कोणता येतो, हे नोंदवावे आणि त्याचे कारण ख्रिस्ताकडे मागावे. दुसरी सूचना योग्य औषध योजण्याची आहे. भटकणारे मन वाचन, जागरण व प्रार्थना यांनी स्थिर होते. वासना भूक, श्रम व एकान्त यांनी मंदावते. क्रोध स्तोत्रगायन, सहनशीलता व दया यांनी शमतो. मात्र हे सर्व योग्य वेळी व योग्य प्रमाणात केले पाहिजे, अवेळी व अतिरेकाने केलेली साधना टिकत नाही आणि हितापेक्षा अहित अधिक करते, असे तो बजावतो. कामवासना आणि मोठेपणाची हाव हे परस्परविरोधी विचार असल्याने एकाचा उपयोग करून दुसऱ्याला हटवता येते, असेही त्याने सांगितले आहे. मराठीत याला काट्याने काटा काढणे म्हणतात. ‘अँटिर्‍हेटिकोस’ या ग्रंथात तर त्याने आठही विचारांना तोंड देण्यासाठी बायबलमधील वचनांचा संग्रहच सिद्ध केला. ख्रिस्ताने अरण्यात वचनांनी उत्तरे दिली, त्याचाच हा विस्तार होता.

सातव्या शतकात सिनाई पर्वतावरील मठाधिपती योहान क्लिमाकस याने आपल्या तीस पायऱ्यांच्या ‘शिडी’त मोहाच्या वाटचालीचे टप्पे सांगितले. प्रथम विचार मनात डोकावतो, मग मन त्याच्याशी बोलू लागते, मग संमती देते, मग त्याच्या ताब्यात जाते, झगडा होतो, आणि दीर्घकाळ मुरलेला विचार अखेर स्वभाव बनतो. पहिल्या टप्प्यावर माणूस निर्दोष असतो. संयमाचे खरे स्थान पहिल्या व तिसऱ्या टप्प्यांच्या दरम्यान आहे. हात गुन्ह्याला प्रवृत्त झाल्यावर त्याला आवरणे कठीण असते. विचाराशी संभाषण सुरू होताना ते थांबवणे तुलनेने सोपे असते.

अतिरेकाची किंमत

वाळवंटातील परंपरेने आपल्या अपयशांच्या कथाही जपून ठेवल्या, हे तिचे मोठेपण आहे. योहान कॅसियन या तपस्व्याने इजिप्तमधील थोरांशी झालेली संभाषणे पुढे लॅटिनमध्ये लिहिली. त्यात हेरोन नावाच्या वृद्धाची कथा आहे. पन्नास वर्षे त्याने कडकडीत उपवास केले. पुनरुत्थानाच्या सणालाही तो बांधवांबरोबर जेवायला बसत नसे, कारण थोडी डाळ खाल्ली तरी नियम मोडल्यासारखे दिसेल. अखेर देवदूताच्या वेशातील सैतानावर त्याने विश्वास ठेवला. आपल्या पुण्याईमुळे इजा होणार नाही, या भ्रमात त्याने मध्यरात्री खोल विहिरीत उडी घेतली आणि तिसऱ्या दिवशी प्राण सोडला. ही कथा ऐकणाऱ्याला मंदिराच्या शिखरावरील दुसरी परीक्षा आठवल्याशिवाय राहत नाही.

दुसरी कथा अधिक मार्मिक आहे. कामवासनेने छळलेला एक तरुण आपली व्यथा एका वृद्धाला सांगतो. वृद्ध त्याची निर्भर्त्सना करतो; असे विचार येणारा तपस्वी म्हणवून घेण्यास लायक नाही, असे सुनावतो. हताश झालेला तरुण लग्न करून संसारात परतण्यास निघतो. वाटेत अब्बा अपोलो त्याला भेटतो आणि सांगतो, की या वयातही अशा विचारांनी आपल्याला सोडलेले नाही. तरुण परततो. मग अपोलो प्रार्थना करतो, की हाच मोह त्या कठोर वृद्धाच्या वाट्याला यावा. काही वेळातच तो वृद्ध वेड्यासारखा संसाराच्या वाटेने धावत सुटतो. स्वतःला कधी झगडावे लागले नाही म्हणून दुसऱ्याच्या झगड्याला तुच्छ लेखू नये, असा या कथेचा बोध आहे.

म्हणूनच कॅसियनने विवेकाला सर्व सद्‌गुणांची जननी म्हटले. अँथनीविषयीही एक आख्यायिका आहे. शिष्यांबरोबर हास्यविनोद करणाऱ्या अँथनीला पाहून एक शिकारी नाराज होतो. अँथनी त्याला धनुष्य पुनःपुन्हा ताणायला लावतो. आणखी ताणले तर ते मोडेल, असे शिकाऱ्याने म्हणताच माणसाचेही तसेच आहे, असे उत्तर त्याला मिळते. उद्या मरण आहे असे समजून जगावे, पण शरीराला अनेक वर्षे जगायचे आहे असे मानून त्याची निगा राखावी, हा इव्हाग्रियसने नोंदवलेला त्याच्या गुरूंचा उपदेशही याच जातीचा आहे.

आठांचे सात

कॅसियन ४१५ च्या सुमारास आजच्या फ्रान्समधील मार्सेय येथे स्थायिक झाला आणि त्याने आठ विचारांची शिकवण पश्चिमेकडे आणली. संत बेनेडिक्टने आपल्या मठनियमांत कॅसियनचे ग्रंथ वाचण्याची शिफारस केली. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने यादीची पुनर्रचना केली. गर्वाला त्याने सर्वांचे मूळ मानून वेगळे काढले, मत्सराची भर घातली आणि मरगळ खिन्नतेत विलीन केली. पुढे खिन्नतेची जागा आळसाने घेतली व गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि आळस ही सात मूळ पापांची यादी रूढ झाली. प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा पापांगीकार करावा, असा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने केल्यानंतर आत्मपरीक्षणाचे साधन म्हणून ही यादी घरोघरी पोहोचली.

मूळ प्रवर्तक इव्हाग्रियस मात्र विस्मृतीत गेला. त्याच्या काही तत्त्वविचारांचा संबंध ओरिजेनच्या वादग्रस्त मतांशी जोडला गेला आणि सहाव्या शतकात त्यांचा निषेध झाला. त्याचे काही ग्रंथ सिरियाक भाषांतरांत उरले, तर प्रार्थनेवरील ग्रंथ निलस या दुसऱ्याच तपस्व्याच्या नावावर शतकानुशतके वाचला गेला. तो इव्हाग्रियसचाच असल्याचे विसाव्या शतकात अभ्यासकांनी दाखवून दिले.

प्रयत्न की कृपा?

संयम माणसाच्या इच्छाशक्तीने साधतो की देवाच्या कृपेने, हा वाद पाचव्या शतकाच्या प्रारंभी ऐरणीवर आला. माणूस प्रयत्नाने निष्पाप जीवन जगू शकतो, अशी पेलेजियसची भूमिका होती. संत ऑगस्टिनचा अनुभव याच्या नेमका उलट होता. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत त्याच्या जीवनाला कलाटणी मिळण्यापूर्वी चांगले काय हे कळूनही ते करता न येण्याची यातना त्याने वर्षानुवर्षे भोगली होती आणि ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात ती मांडली होती. त्याच्या मते देवाची कृपा इच्छेलाच मोकळे करते. ४१८ च्या कार्थेज परिषदेने पेलेजियसची मते नाकारली.

या निर्णयाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. संयम केवळ मनोबलावर अवलंबून असेल तर यशस्वी माणूस गर्विष्ठ होतो आणि अपयशी माणूस निराश होतो. कृपेवरील श्रद्धा या दोन्ही टोकांपासून वाचवते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने मिताचाराला चार प्रमुख सद्‌गुणांत स्थान देतानाच, जीवनाला आवश्यक अशा नैसर्गिक सुखांचा तिटकारा करणे हाही दोषच आहे, असे प्रतिपादन केले.

प्रॉटेस्टंट सुधारणेने बाह्य नियमांवर बोट ठेवले. १५२२ च्या उपवासकाळात झ्युरिक येथे मुद्रक ख्रिस्तोफ फ्रोशाउअर याच्या घरी काही जणांनी जाणीवपूर्वक सॉसेज खाल्ले. धर्मोपदेशक उलरिश झ्विंग्ली तेथे हजर होता. त्याने स्वतः मांस खाल्ले नाही, पण नंतर प्रवचनातून या कृतीचे समर्थन केले. उपवास करणाऱ्याने जरूर करावा, परंतु त्याची सक्ती करू नये, असे त्याचे म्हणणे होते. संयमाचे मूल्य मात्र प्रॉटेस्टंट पंथांनीही सोडले नाही. १८६५ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या आणि १८८२ मध्ये मुंबईत दाखल झालेल्या सॅल्व्हेशन आर्मीचे सैनिक मद्य वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा घेतात.

मनाची जमाखर्च वही

स्पेनमधील इग्नेशियस लॉयोला हा १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत जखमी झालेला सरदार. मानरेसा येथील तपश्चर्येच्या काळात तो अतिरेकी पापभीरूतेच्या आहारी गेला होता. कबूल केलेली पापे पुनःपुन्हा आठवून तो इतका व्याकूळ झाला, की आत्महत्येचा विचारही त्याच्या मनात आला. त्या अनुभवातून त्याने मनातील प्रवृत्ती पारखण्याचे नियम तयार केले आणि त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली.

त्याची पद्धत अत्यंत व्यवहारी आहे. एका वेळी एकच दोष निवडावा. दुपारी व रात्री असे दोनदा आत्मपरीक्षण करून तो किती वेळा घडला याच्या खुणा कागदावरील रेषेवर कराव्यात. सकाळची दुपारशी, आजची कालशी आणि या आठवड्याची गेल्या आठवड्याशी तुलना करावी. मन उदास असताना आधी घेतलेला चांगला निर्णय कधीही बदलू नये. मोह गुप्ततेवर जगतो. विश्वासू मार्गदर्शकाला सांगितला की त्याचे बळ ओसरते. किल्ल्याला वेढा घालणारा सेनापती तटबंदीची सर्वांत कमकुवत बाजू हेरतो, तसाच शत्रू आपली उणी बाजू शोधतो. म्हणून ती आपल्याला आधी ठाऊक हवी.

इग्नेशियसने स्थापन केलेल्या जेझुइट संघाबरोबर ही साधना भारतात आली. त्याचा सहकारी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. याच संघाचा थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराणा’तून त्याने बायबलमधील कथा मराठीत आणली. गोव्यात आजही उपवासकाळाच्या तोंडावर कार्निव्हल, म्हणजेच इंत्रूज, साजरा होतो. ‘प्रवेश’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापर्यंत या नावाचे मूळ जाते. खाणेपिणे आणि नाचगाणे यांचा हा सण वस्तुतः उपवासाच्या दारात उभा आहे.

आजचा नियम आणि त्याचा हेतू

पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये प्रायश्चित्ताच्या नियमांची फेरमांडणी केली. सध्याच्या लॅटिन धर्मविधीनुसार राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार हे दोन दिवस सक्तीच्या उपवासाचे आहेत. १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंत हा नियम लागू आहे. मांसाहारवर्जनाचा नियम १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो. आजारी व्यक्तींना सवलत आहे. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही उपवासकाळाची तीन अंगे मानली जातात. तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे : स्वतःच्या ताटातून वाचलेले दुसऱ्याच्या ताटात गेले पाहिजे. अन्यथा उपवास ही केवळ काटकसर ठरेल.

नियम सौम्य झाले, पण प्रश्न सौम्य झाले नाहीत. खिशातील मोबाइल फोन दर काही मिनिटांनी खिडकीबाहेर डोकावण्याचे आमंत्रण देतो. उधारीवर वस्तू घेण्याची सोय एका बोटाच्या अंतरावर आहे. प्रशंसेचे मोजमाप आकड्यांत होते. काही धर्मप्रांतांत उपवासकाळात समाजमाध्यमांपासून दूर राहण्याचे आवाहन केले जाते, ते याच जाणिवेतून. इव्हाग्रियसच्या यादीतील एकही विचार कालबाह्य झालेला नाही.

संयमाची ख्रिस्ती कसोटी अखेर एकच आहे, आणि ती किती सोडले या प्रश्नात नाही. उपवासाने माणूस चिडखोर, परनिंदक आणि स्वतःवर संतुष्ट झाला, तर आठांपैकी एका विचाराला हरवून तो इतर तिघांच्या हाती सापडला असे समजावे. उलट, त्याच्या सहवासात अब्बा अपोलोकडे आलेल्या तरुणाप्रमाणे एखाद्या खचलेल्या माणसाला परत फिरण्याचे बळ मिळाले, तर ४० दिवस सार्थकी लागले असे म्हणता येईल.